परदेशात जाऊन इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा प्रौढांना इंग्रजी शिकवायचं, त्यासाठीचा कोर्स परदेशात करायचा आणि जमल्यास तिथेच नोकरी धरायची, असा विचार करणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी निदान देश निवडण्याबद्दलचं आणि सरावाच्या तासांबद्दलचं उत्तर वाचावं. पैसे आणि महिने वाया जातात ते बहुधा या दोन ठिकाणी.

टेफल, टेसॉल, सेल्टा, सर्टटेसॉल ही सगळी एकाच कोर्सची नावं आहेत का?

नाही. टेफल आणि टेसॉल ही या क्षेत्राची नावं आहेत. ती कुणाच्या मालकीची नाहीत, त्यामुळे शनिवार-रविवारच्या व्हिडिओ मालिकेलाही कुणी ‘टेफल सर्टिफिकेट’ म्हणू शकतं आणि चार आठवड्यांच्या पूर्णवेळ कोर्सलाही. सेल्टा आणि सर्टटेसॉल या मात्र ठरावीक पात्रता आहेत. सेल्टा केंब्रिज विद्यापीठाचा परीक्षा विभाग देतो, सर्टटेसॉल ट्रिनिटी कॉलेज लंडन हे परीक्षा मंडळ देतं. इंग्लंडच्या पात्रता चौकटीत दोन्ही पाचव्या पातळीवर आहेत, म्हणजे काठिण्य साधारण पदवीच्या दुसऱ्या वर्षाइतकं.

अशा छोट्या, सघन कोर्सची पद्धत १९६२मध्ये लंडनच्या इंटरनॅशनल हाउस या भाषाशाळेत जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने सुरू केली. शिकाऊ शिक्षकाला लवकरात लवकर खऱ्या वर्गासमोर उभं करायचं, हे तत्त्व आजही तसंच आहे.

सेल्टा आणि सर्टटेसॉल यांत कुठला चांगला?

नोकरी देणारे दोन्ही सारखेच मानतात. सेल्टाची केंद्रं जास्त देशांत आहेत, त्यामुळे जाहिरातीत ‘सेल्टा किंवा समकक्ष’ असे शब्द जास्त दिसतात आणि सर्टटेसॉल त्या ‘समकक्ष’मध्ये धरलेला असतो.

रचनेत थोडा फरक आहे. सेल्टात प्रशिक्षकांसोबतचे किमान १२० तास, त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे ६ तास, अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहण्याचे ६ तास आणि चार लेखी असाइनमेंट. सर्टटेसॉलमध्ये किमान १३० तास, शिकवण्याचे ६ तास, निरीक्षणाचे ४ तास आणि शिवाय एक वेगळा घटक: तुम्हाला अजिबात न येणारी एखादी भाषा चार तास शिकायची आणि त्या अनुभवाची नोंदवही लिहायची. नवशिक्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी किती असहाय वाटतं, हे कळायला याहून चांगला उपाय नाही. ट्रिनिटीचा बाहेरचा परीक्षक शेवटी येऊन प्रत्येकाशी बोलतो. केंब्रिजचाही निरीक्षक केंद्रावर येतो, पण तो प्रामुख्याने केंद्राचं मूल्यमापन नीट होतंय ना हे पाहतो.

१२० तासांचं ऑनलाइन प्रमाणपत्र खूप स्वस्तात मिळतं. ते का घेऊ नये?

सेल्टाचे किमान तासही १२०, म्हणून आकडा सारखा दिसतो. आकड्यावर जाऊ नका. एकच प्रश्न विचारा: या कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांना, प्रशिक्षक मागे बसून बघत असताना, मी किती तास शिकवणार आहे? उत्तर ‘शून्य’ असेल तर तो वाचनाचा कोर्स आहे. काही देशांत कामाच्या परवान्यापुरतं असं प्रमाणपत्र चालतं, ऑनलाइन शिकवण्या मिळवायलाही चालतं. पण वर्ग कसा सांभाळायचा हे त्यातून येत नाही, आणि चांगल्या भाषाशाळा प्रशिक्षकाने पाहिलेला सहा तासांचा सराव मागतात.

सेल्टा स्वतः मात्र २०२०पासून पूर्ण ऑनलाइनही करता येतो. तिथे सरावाचे वर्ग खऱ्या विद्यार्थ्यांचेच असतात, फक्त पडद्यावर. पुढे प्रत्यक्ष वर्गात शिकवायचं असेल तर निदान सरावाचे तास समोरासमोर होतील असा पर्याय घ्यावा. तीस जणांच्या खोलीत फिरत जोड्यांचं बोलणं ऐकणं आणि ब्रेकआउट रूममध्ये डोकावणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

हाच कोर्स जवळच्या केंद्रावर होत असेल तर परदेशात जायचंच कशाला?

प्रमाणपत्र तेच, अभ्यासक्रम तोच, मूल्यमापनही तेच. परदेशात करण्याला खरा अर्थ येतो तो त्याच देशात किंवा आसपास नोकरी करायची असेल तेव्हा. तिथल्या विद्यार्थ्यांची सवय होते, प्रशिक्षकांना स्थानिक शाळा माहीत असतात, आणि बऱ्याच केंद्रांची स्वतःची भाषाशाळा असल्याने तिथूनच पहिलं काम मिळण्याची शक्यता असते.

वर्गाचं स्वरूपही बदलतं. लंडनमधल्या सरावाच्या वर्गात पाच-सहा देशांचे लोक असतात. इंग्रजीशिवाय त्यांना एकमेकांशी बोलताच येत नाही, त्यामुळे जोडीतला संवाद आपोआप इंग्रजीत होतो. हनोईच्या किंवा पोलंडमधल्या क्राकूव्हच्या वर्गात सगळ्यांची भाषा एकच, म्हणून अडलं की ते लगेच तिच्याकडे वळतात आणि काम इंग्रजीत का करायचं याचं कारण तुम्हाला उपक्रमातच गुंफावं लागतं. उलट एकभाषक वर्गाच्या चुका ठरलेल्या असतात. दोन आठवड्यांत त्या ओळखीच्या होतात आणि पाठ नेमका आखता येतो. नोकरी जशा वर्गात करायची, सराव तशा वर्गात झालेला बरा.

फक्त प्रवासाच्या हौसेने जात असाल तर एक सांगतो: चार आठवड्यांत शहर पाहायला वेळ मिळत नाही. फिरणं कोर्सनंतर ठेवा.

मग देश कसा निवडायचा?

उलटीकडून. आधी नोकरीचा देश, मग तिथे तुमच्या पासपोर्टवर कामाचा परवाना मिळतो का, मग तिथला भरतीचा हंगाम, आणि सगळ्यात शेवटी कोर्सचं शहर. बहुतेक जण शहरापासून सुरुवात करतात आणि प्रमाणपत्र हातात पडल्यावर परवान्याच्या नियमाला अडखळतात.

पासपोर्टचा मुद्दा कडू आहे, पण टाळता येत नाही. दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकाचा व्हिसा इंग्रजीसाठी साधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. सेल्टात ‘पास ए’ हा सगळ्यात वरचा निकाल असला तरी ही यादी बदलत नाही. जपानमध्ये शाळेत परकीय भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी, तीच भाषा माध्यम म्हणून बारा वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा लागतो. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना तो देता येतो, म्हणून शाळेचे जुने दाखले जपून ठेवा. युरोपीय संघातल्या देशांत शाळा संघाच्या नागरिकांना आधी घेतात, कारण त्यांच्यासाठी परवान्याची खटपट करावी लागत नाही. स्पेनमध्ये कोर्स उत्तम होतो, पण संघाबाहेरच्या माणसाला तिथे थेट नोकरी मिळणं अवघड. व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये मागणी मोठी आहे. तिथे पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला ही कागदपत्रं लागतात, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून भाषेच्या परीक्षेचा निकालही मागितला जाऊ शकतो.

आता हंगाम. युरोपात भाषाशाळांची मुख्य भरती सप्टेंबरच्या आसपास होते, लहान लाट जानेवारीत. थायलंडच्या शाळांचं वर्ष मेमध्ये सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुमारास. जपानचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. व्हिएतनाममधली खासगी भाषाकेंद्रं वर्षभर माणसं घेतात. कोर्स हंगामाच्या महिना-दीड महिना आधी संपेल असा धरा. ऑक्टोबरच्या शेवटी युरोपातला कोर्स संपवणाऱ्याला जानेवारीपर्यंत बदली तासांवर दिवस काढावे लागतात.

माझ्याकडे पदवी नाही. चालेल का?

कोर्सला चालेल. केंब्रिज आणि ट्रिनिटी दोघांचीही अट वय १८ पूर्ण आणि विद्यापीठात प्रवेश मिळेल इतपत शिक्षण, एवढीच आहे. नोकरीला मात्र पदवी लागते, कारण बहुतेक देशांच्या कामाच्या परवान्यात पदवीची अट असते. विषय सहसा कुठलाही चालतो.

इंग्रजी माझी मातृभाषा नाही. प्रवेश मिळेल?

मिळतो. अपेक्षित पातळी भाषापातळ्यांच्या युरोपीय चौकटीतली सी२ (सगळ्यात वरची) किंवा तिच्याखालच्या सी१चा वरचा भाग. आयईएलटीएस परीक्षेत ७ ते ८ म्हणजे सी१ आणि ८.५ किंवा त्यावर सी२, असा ढोबळ हिशोब आहे. पण केंद्र स्वतःची लेखी चाचणी आणि मुलाखत घेऊनच ठरवतं. उच्चार इंग्लंडचा किंवा अमेरिकेचा असावा अशी अट नाही. स्पष्ट, समजणारा आणि शब्दाघात सांभाळणारा उच्चार हवा.

कोर्समध्ये अशा उमेदवारांचा एक फायदा हमखास दिसतो. त्यांनी व्याकरण नियम म्हणून शिकलेलं असतं. इंग्रजीभाषकाला ‘असंच म्हणतात’ याच्या पलीकडे जाताना पहिल्या आठवड्यात घाम फुटतो. उलट अडचण सहसा लेखनाची येते: असाइनमेंटमध्ये उपपदं, शब्दयोग आणि विरामचिन्हं सतत चुकत असतील तर ते काम परत येतं.

प्रवेशाची प्रक्रिया कशी असते? मुलाखतीत काय विचारतात?

अर्ज, त्यासोबत घरी करायचा लेखी संच, मग तास-दीड तासाची मुलाखत, हल्ली बहुधा व्हिडिओवर. लेखी संचात वाक्यांच्या जोड्या देऊन अर्थातला फरक विचारतात. ‘आय लॉस्ट माय कीज’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय कीज’ यांत काय फरक? पहिल्यात हरवणं ही भूतकाळातली घटना, किल्ल्या नंतर सापडल्या असतील किंवा नसतील. दुसऱ्यात परिणाम आत्ता जाणवतोय, म्हणजे दार उघडायला किल्ली नाही. ‘दुसरा पूर्ण वर्तमानकाळ आहे’ असं नुसतं नाव सांगून भागत नाही. चुकीची वाक्यं दुरुस्त करून कारण द्यायलाही सांगतात.

मुलाखतीत एखादा शब्द किंवा रचना पुरेसं इंग्रजी न येणाऱ्याला कशी समजावाल, हा प्रश्न हमखास येतो. ‘अनॉयड’ आणि ‘फ्युरियस’ यांतला फरक शब्दकोशातली व्याख्या वाचून सांगू नका. एक छोटा प्रसंग रचा, तीव्रतेची रेघ काढा, दोन्ही शब्द तिच्यावर ठेवा. संदर्भ वापरण्याची सवय आहे का, हे त्यांना पाहायचं असतं. प्रशिक्षक मध्येच तुमचं उत्तर सुधारतो. तिथे वाद घालणारा उमेदवार बाद होतो, कारण कोर्सभर रोज सूचना ऐकायच्या असतात.

उत्तर येत नसेल तर पुस्तक उघडून शोधलेलं चालतं. मात्र दुसऱ्याकडून संच सोडवून घेतला तर मुलाखतीत पाच मिनिटांत कळतं.

व्हिसा कोणता काढायचा?

देशागणिक वेगळा, आणि नियम बदलतात, म्हणून दूतावासाचं पान तारीख बघून वाचा. दोन ठळक उदाहरणं. युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या, म्हणजे शेंगेन देशांत चार आठवड्यांच्या कोर्सला अल्पकालीन व्हिसा पुरतो. त्याची मर्यादा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करायचा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर करता येतं.

सरावाचे वर्ग विनामोबदला असतात आणि कोर्सचा भाग असतात, पण अर्जात ‘टीचिंग’ हा शब्द एकटा टाकला तर अधिकाऱ्याला ती नोकरी वाटू शकते. केंद्राच्या पत्रात ‘प्रशिक्षणार्थी’, कोर्सच्या तारखा आणि शुल्क भरल्याची नोंद असावी. कोर्सनंतर त्याच व्हिसावर पैसे घेऊन शिकवणं बेकायदा आहे, मग शाळा कितीही ‘सगळे असंच करतात’ म्हणो. बऱ्याच देशांत कामाच्या व्हिसाचा अर्ज देशाबाहेरूनच करावा लागतो, त्यामुळे एका जास्तीच्या प्रवासाचा खर्च आधीच धरून ठेवा.

शुल्काखेरीज कुठे पैसे जातात?

परीक्षा मंडळाचं नोंदणी शुल्क कोर्सच्या शुल्कात धरलंय की वेगळं, हे पहिल्यांदा विचारा. मग राहणं, व्हिसा, विमा, कागदपत्रांचं साक्षांकन आणि छपाई. प्रत्येक पाठासाठी दहा-बारा प्रती काढाव्या लागतात आणि सगळी केंद्रं त्या फुकट देत नाहीत. विसरला जाणारा मोठा आकडा म्हणजे कोर्स संपल्यापासून पहिला पगार हातात येईपर्यंतचा काळ. मुलाखती, परवाना आणि महिनाभर काम धरलं तर दोन महिन्यांचा खर्च बाजूला असावा.

व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळतील, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी घ्या.

राहण्याची जागा केंद्रापासून चालत पोचता येईल इतकी जवळ घ्या, थोडी महाग पडली तरी. रोजचा दीड तास प्रवासात गेला तर तो झोपेतून जातो.

जाण्याआधी काय अभ्यास करावा?

काळ आणि त्यांचे उपयोग, मोडल क्रियापदं, अटदर्शक वाक्यांचे प्रकार, फ्रेजल क्रियापदं, कर्मणी प्रयोग. प्रत्येकाचा अर्थ, रचना आणि उच्चार, तिन्ही बाजू. ध्वनिलिपीची ४४ चिन्हं ओळखता आली तर पहिला आठवडा हलका जातो. लिहिता आलीच पाहिजेत असं नाही, पण वाचता यावीत. केंद्र प्रवेशानंतर पूर्वतयारीचा संच पाठवतं. तो बहुधा तपासत नाहीत, म्हणूनच लोक सोडून देतात आणि नंतर पस्तावतात.

कोर्समधला एक दिवस कसा जातो?

अर्धा दिवस पद्धतीची सत्रं, अर्धा दिवस सराव. सहा जणांपर्यंतचा गट असतो. रोज त्यातले दोघे-तिघे प्रत्येकी ४० ते ६० मिनिटं शिकवतात, बाकीचे मागे बसून नोंदी घेतात. वर्ग सुटला की लगेच चर्चा: आधी शिकवणारा स्वतःबद्दल बोलतो, मग सहकारी, मग प्रशिक्षक. कोर्सच्या मध्यावर गटाचे विद्यार्थी बदलतात, कारण किमान दोन पातळ्यांवर शिकवणं बंधनकारक आहे. प्रशिक्षकही सहसा बदलतो. सेल्टात १२० तासांखेरीज वाचन, पाठांची आखणी आणि लेखन यांसाठी आणखी सुमारे ८० तास धरलेले आहेत. चार आठवड्यांत ते बसवायचे म्हणजे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. सोबत नोकरी किंवा दुसरी परीक्षा ठेवू नका. हजेरी पूर्ण लागते.

सरावाच्या तासात लोक नेमके कुठे चुकतात?

सगळ्यात जास्त वेळा: फार बोलतात. शिक्षकाचं बोलणं वाढलं की विद्यार्थ्यांचं बोलणं घटतं, आणि पाठ तर त्यांच्यासाठी असतो. हे घबराटीतून होतं. शांतता सहन होत नाही, म्हणून शिक्षक स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देतो. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

दुसरी चूक सूचनांची. कागद आधी वाटले की सगळे कागद वाचू लागतात आणि सूचना हवेत विरते. क्रम असा: कागद हातात उंच धरून दोन-तीन छोट्या वाक्यांत सूचना, पहिलं उदाहरण सगळ्यांनी मिळून, एखादा तपासणीचा प्रश्न (‘लिहायचंय की बोलायचंय?’, ‘किती मिनिटं?’), आणि मग वाटप. सूचना पाठाच्या आखणीत शब्दशः लिहून ठेवा. उत्स्फूर्त सूचना नवशिक्याच्या तोंडून लांबत जाते आणि तिच्यात ‘मला असं वाटतं की तुम्ही जर आता जरा’ छापाची वाक्यं शिरतात. प्राथमिक पातळीच्या विद्यार्थ्याला त्यातलं काहीच कळत नाही.

तिसरी, वेळेची. ४५ मिनिटांच्या वाचनपाठाची चालणारी वाटणी अशी: विषयात शिरायला ५ मिनिटं, अडतील असे चार-पाच शब्द आधी शिकवायला ५, सारांशासाठी भरभर वाचन, जोडीत पडताळणी आणि उत्तरं मिळून ७, बारकाईचं वाचन ८, जोडीत पडताळणी ३, चर्चा ५, उरलेल्या १२ मिनिटांत विषयावर बोलणं आणि भाषेवर टिप्पणी. नवशिके पहिल्या दोन टप्प्यांतच वीस मिनिटं घालवतात. आधी दहा शब्द शिकवायला घेतलेत तर तो शब्दसंग्रहाचा पाठ झाला, वाचनाचा राहिला नाही. प्रशिक्षक ‘मुख्य उद्दिष्ट साधलं नाही’ असा शेरा मारतो तो याच कारणाने. वेळ संपत आली तर मधलं काहीतरी कापा, शेवटचं बोलणं कापू नका.

जोडीतली पडताळणी गाळणं ही किरकोळ वाटणारी चूकही महागात पडते. ती गाळली की सगळ्यांसमोर उत्तर विचारल्यावर हुशार दोघेच बोलतात आणि बाकीच्यांना काय कळलं हे तुम्हाला कळत नाही. जोड्या बोलत असताना फिरा, ऐका, चुका आणि चांगले प्रयोग टिपा. नंतर त्यातली चार-पाच वाक्यं नावं न घेता फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्या. लोक काम करत असताना फळ्याजवळ उभं राहून पुढच्या टप्प्याचे कागद चाळणारा शिक्षक मागे बसलेल्या प्रशिक्षकाला लगेच दिसतो.

व्याकरण समजावताना ‘कळलं का?’ असं विचारू नका म्हणतात. का?

कारण सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी अर्थ तपासणारे छोटे प्रश्न विचारायचे. ‘माय ग्रँडफादर यूज्ड टू वर्क इन अ फॅक्टरी’ हे वाक्य घ्या. ते आता तिथे काम करतात का? नाही. पूर्वी करत होते का? हो. एकदाच की पुष्कळदा? पुष्कळदा. तीन प्रश्नांत अर्थ पक्का. प्रश्नात तीच रचना वापरायची नाही, नाहीतर न कळलेल्या गोष्टीनेच न कळलेली गोष्ट तपासल्यासारखं होतं.

मग रचना: पुढे मूळ क्रियापद, नकारार्थी ‘डिडन्ट यूज टू’. मग उच्चार: लिहिताना ‘यूज्ड’ असलं तरी बोलताना ‘यूस्टु’ ऐकू येतं, ‘ज’चा ‘स’ होतो आणि ‘ड’ गळतो. हे सांगितलं नाही तर विद्यार्थी ऐकताना रचना ओळखतच नाही. अर्थ, रचना, उच्चार हा क्रम मोडू नका. अर्थ न कळलेलं वाक्य घोकून घेण्यात हशील नाही.

लेखी असाइनमेंट किती अवघड असतात?

सेल्टात चार, प्रत्येकी ७५० ते १,००० शब्दांच्या. एक विद्यार्थ्याच्या गरजा आणि चुकांवर, एक भाषेच्या विश्लेषणावर, एक वाचन-श्रवणासारख्या कौशल्यावर आणि एक स्वतःच्या शिकवण्यावर. पहिल्यांदा अपुरी पडली तर प्रत्येक असाइनमेंट एकदा पुन्हा देता येते, त्यामुळे परत आली म्हणून खचू नका, ते नेहमीचंच आहे. शब्दमर्यादा आणि विचारलेले मुद्दे जसेच्या तसे पाळा. विद्यार्थ्यावरच्या असाइनमेंटसाठी मुलाखत आणि त्याच्या लेखनाचा नमुना पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा. तो विद्यार्थी नंतर येईलच असं नाही. उतारे उचलले तर थेट बाद होण्याची वेळ येऊ शकते.

नापास होतात का? ‘पास ए’ला किती महत्त्व?

होतात, पण थोडे, कारण गाळणी मुलाखतीतच लागलेली असते. सेल्टाचे निकाल ‘पास’, ‘पास बी’, ‘पास ए’ आणि ‘फेल’. बहुसंख्यांना साधा ‘पास’ मिळतो आणि नोकरीला तो पुरतो. नापास होण्याचं खरं कारण एखादा वाईट पाठ नसतो, तीच सूचना तीनदा मिळूनही न बदलणं असतं. दुसऱ्या आठवड्यात ‘सूचना छोट्या करा’ सांगितलं आणि चौथ्यातही त्या लांबच राहिल्या, की काळजीचं. अशा वेळी केंद्र आधी लेखी इशारा देतं आणि काय सुधारायचं ते स्पष्ट लिहितं. तो कागद पुढच्या पाठाच्या आखणीशेजारी ठेवून काम केलं तर बरेच जण निघतात.

चार आठवडे की अर्धवेळ?

परदेशात जाणाऱ्याला राहण्याच्या खर्चामुळे चार-पाच आठवड्यांचाच परवडतो. पण शिकण्याच्या दृष्टीने अर्धवेळ कोर्स बरा. दोन पाठांमध्ये विचार करायला दिवस मिळतात. हळूहळू शिकणाऱ्याने जमत असेल तर ऑनलाइन सिद्धांत आणि केंद्रावर सराव असा मिश्र कोर्स पाहावा.

फसवणूक कशी ओळखायची?

मुलाखत न घेता ‘जागा पक्की’ म्हणणारं सेल्टा किंवा सर्टटेसॉलचं केंद्र खरं नसतं. केंब्रिज आणि ट्रिनिटी दोघांच्या संकेतस्थळांवर मान्य केंद्रांचा शोध आहे, तिथे नाव आणि शहर दोन्ही जुळवा. ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ कोण देतं ते पाहा. कधीकधी मान्यता देणारी संस्था आणि कोर्स विकणारी संस्था एकाच पत्त्यावर निघतात. नोकरीची हमी असेल तर शाळेचं नाव, पगार, आठवड्याचे तास आणि परवान्याचा खर्च कोण करणार, हे लेखी मागा. मूळ पासपोर्ट किंवा मूळ पदवी कुणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नका.

लहान मुलांना शिकवायचंय. हाच कोर्स चालेल?

सेल्टा प्रौढांसाठी आहे. नोकरीत मात्र वर्ग बहुधा मुलांचे मिळतात, विशेषतः आशियात. मूलभूत कोर्सनंतर ट्रिनिटीचा टायलेक हा मुलांना शिकवण्याचा पूरक कोर्स करता येतो. आंतरराष्ट्रीय शाळेत वर्गशिक्षक व्हायचं असेल तर शिक्षणशास्त्राची पदवी किंवा शिक्षकाचा परवाना लागतो, तिथे सेल्टा एकटा पुरत नाही.

डेल्टा कधी करावा?

केंब्रिजचा डेल्टा आणि ट्रिनिटीचा डिपटेसॉल हे सेल्टा-सर्टटेसॉलच्या पुढचे कोर्स, त्याच चौकटीत सातव्या पातळीवरचे आहेत. निदान दोन वर्षं वेगवेगळ्या पातळ्यांचे वर्ग घेतल्याशिवाय त्यातलं लेखन पोकळ होतं. वरिष्ठ शिक्षक किंवा प्रशिक्षक व्हायचं असेल तरच करा.

प्रमाणपत्र कधी मिळतं, आणि कागदपत्रांचं काय काय करावं लागतं?

शेवटच्या दिवशी केंद्र तात्पुरता निकाल सांगतं. परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र यायला पुढे काही आठवडे लागतात. तोवर नोकरीच्या अर्जासाठी केंद्राकडून शिक्का-सहीचं पत्र घ्या. पोस्टाचा पत्ता असा द्या जिथे दोन-तीन महिन्यांनीही कुणीतरी पाकीट उचलेल.

पदवी आणि प्रमाणपत्र दोन्ही साक्षांकित करावी लागतात. नोकरीचा देश १९६१च्या हेग कराराचा सदस्य असेल तर अपोस्टिल, म्हणजे सदस्य देशांत चालणारा साक्षांकनाचा दाखला, पुरतो. चीनमध्येही ७ नोव्हेंबर २०२३पासून तोच चालतो. सदस्य नसेल तर दूतावासाची मोहोर लागते आणि वेळ वाढतो. कागद ज्या देशाने दिला त्याच देशात त्याचं साक्षांकन होतं, म्हणजे पदवीचं एका देशात आणि कोर्सच्या प्रमाणपत्राचं कदाचित दुसऱ्याच. पदवीचं काम निघण्याआधी उरकून घ्या. चारित्र्य दाखला मात्र लवकर काढू नका. तो काही महिनेच ग्राह्य धरतात आणि कोर्स संपेपर्यंत शिळा होतो. सगळीकडे नाव पासपोर्टप्रमाणे एकच हवं. एका कागदावर मधलं नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल तर अर्ज परत येऊ शकतो, म्हणून कोर्सच्या नोंदणी अर्जातच पासपोर्टवरचं पूर्ण नाव लिहा. आणि प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका, मोहोर मूळ कागदावरच बसते.